मोजक्या कॅलरींचा डबा आणि आठवड्याची परीक्षा

मा. संपादक,
स. न.

मोजक्या कॅलरींचे जेवण घरपोच देणारी एखादी सेवा आठवडाभर वापरून पाहायची आणि त्याचा अनुभव लिहायचा, असे लेख आरोग्य पुरवण्यांतून आता वरचेवर वाचायला मिळतात. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट एकाच आकड्यावर होतो: सात दिवसांत किती किलो उतरले. नेमका हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा, आणि वाचकाच्या लक्षात राहतो तोही हाच. आठवड्याभरात परीक्षा घेता येते ती डब्याची. शरीराची परीक्षा इतक्या लवकर होत नाही. डब्याची परीक्षा कशी घ्यायची हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी वजनाचे पाहू. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनणारा ऊर्जेचा राखीव साठा) असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी झाले, विशेषतः कर्बोदके कमी झाली, की हा साठा पहिल्या तीन-चार दिवसांत बराच उतरतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. डब्यात मीठ कमी असेल तर आणखी थोडे पाणी निघते. आतड्यात असणाऱ्या अन्नाचे वजनही घटते. सगळे मिळून दीड-दोन किलो सहज होतात आणि नेहमीचे जेवण सुरू केल्यावर त्यातले बरेचसे दोन-तीन दिवसांत परत येतात. चरबीचा हिशेब वेगळा आहे. १ किलो चरबी घटण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ५०० कॅलरींची तूट पडली तर आठवड्याला ३,५००, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. एकाच माणसाचे वजन एका दिवसात किलोभर वर-खाली होते, त्यात हे साडेचारशे ग्रॅम ओळखू कसे येणार? वजन करायचेच असेल तर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर करावे आणि आठवड्याच्या सरासरीची पुढच्या आठवड्यांच्या सरासरीशी तुलना करावी. मासिक पाळी असणाऱ्या स्त्रियांनी चक्राच्या त्याच दिवसांशी तुलना करावी, कारण पाळीच्या आधी शरीरात पाणी साचते आणि खरी घट झाकली जाते.

दुसरा प्रश्न असा की, डब्यांवरचा रोजचा आकडा आला कुठून? अनेक सेवा १,२००, १,५०० आणि १,८०० असे दोन-तीन ठरावीक प्लॅन ठेवतात आणि गिऱ्हाइकाने त्यातला एक निवडायचा असतो. निवडण्याआधी आपली गरज पाच मिनिटांत काढता येते. १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर यांचे सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात. किलोमधले वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर त्यात ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे. ३५ वर्षांची, १६० सेंमी उंच, ६८ किलो वजनाची स्त्री घेतली तर ६८० अधिक १,००० वजा १७५ वजा १६१, म्हणजे १,३४४. ही झाली नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. बैठे काम असेल तर तिला १.४ ने गुणावे. उत्तर १,८८० च्या आसपास येते. त्यातून ५०० वजा केले की १,३८०. तिला १,२०० चा प्लॅन कडक पडेल, १,५०० चा पेलेल. त्याच वयाचा, १७५ सेंमी उंचीचा आणि ८५ किलोचा पुरुष घेतला तर हाच हिशेब २,४८० वर जातो. त्याला १,२०० चा डबा देणे म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी जेवण देणे. अशा माणसाने चौथ्या दिवशी प्लॅन सोडला तर त्याला मनाचा दुबळेपणा म्हणू नये. प्लॅनच चुकीचा होता. सूत्राचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत दहा टक्क्यांच्या आत बरोबर येते, अगदी नेमके येत नाही. म्हणून ते सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरावे.

आता लेबल. प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकांच्या ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या ९, हे आकडे विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून आले आणि आजही जगभर लेबले त्यांवरच चालतात. म्हणून कुठलेही लेबल घरी तपासता येते. प्रथिने २८ ग्रॅम, कर्बोदके ४५, स्निग्ध पदार्थ १२ असे लिहिले असेल तर ११२ अधिक १८० अधिक १०८, म्हणजे ४०० कॅलरी. त्याच डब्यावर मोठ्या अक्षरांत ३४० छापले असेल तर दोहोंपैकी एक आकडा खोटा आहे. तंतुमय पदार्थांना अनेक ठिकाणी ४ ऐवजी २ कॅलरी धरतात, त्यामुळे वीस-तीस कॅलरींचा फरक चालू शकतो. साठचा फरक चालत नाही. आकडा किलोज्यूलमध्ये दिला असेल तर ४.१८४ ने भागावे. आणि आकडा कशाचा आहे हे आधी वाचावे: शंभर ग्रॅमचा, एका सर्व्हिंगचा (एका वेळच्या वाढपाचा) की पूर्ण डब्याचा. एका डब्यात दोन सर्व्हिंग धरून लेबलवर एकाचाच आकडा ठळक छापण्याची युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते.

लेबल प्रामाणिक असले तरी ते अंदाजच असते. अमेरिकेच्या नियमांत लेबलवरच्या आकड्यापेक्षा कॅलरी २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी लेबल चुकीचे धरत नाहीत. दिवसाला १,५०० कॅलरी धरल्या तर २० टक्के म्हणजे ३००. ज्याची सारी योजना रोजच्या ५०० कॅलरींच्या तुटीवर उभी आहे, त्याच्या हाती अशा वेळी २०० उरतात. उलट्या दिशेनेही फरक पडतो. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली माणसांवर मोजून दाखवले की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळतात, तर लेबलच्या पद्धतीने त्या १७० च्या आसपास भरतात. नीट न चावलेल्या बदामाच्या पेशींतली चरबी बाहेर पडतच नाही आणि तशीच निघून जाते. म्हणून लेबलवर ४१७ असा नेमका आकडा दिसला तरी तो ‘चारशेच्या आसपास’ असाच वाचावा.

पण मोठा घोळ लेबलवर होत नाही, स्वयंपाकघरात होतो. या विषयात कमीत कमी लिहिले जाते ते त्याबद्दलच. डब्याच्या कॅलरी कच्च्या मालाच्या याद्यांवरून काढतात: इतके धान्य, इतके मांस किंवा डाळ, इतक्या भाज्या, इतके तेल. सगळ्याची बेरीज करून ती डब्यांच्या संख्येने भागतात. समजा, एका पातेल्यात ९,६०० कॅलरींचा माल पडला आणि शिजल्यावर पदार्थ ८ किलो भरणार असे कागदावर धरले. मग ३०० ग्रॅमच्या वाढपात ३६० कॅलरी येतात. आच जरा मोठी राहिली, झाकण उघडे राहिले, पाणी आटले आणि पातेले ७ किलोच भरले, तर त्याच ३०० ग्रॅममध्ये ४११ कॅलरी जातात. वाढणाऱ्याने काटा वापरला, लेबलवरचे वजनही बरोबर आले, तरी कॅलरी चुकल्या. हे टाळायचा उपाय एकच: प्रत्येक वेळी शिजलेले पातेले वजन करायचे आणि त्या दिवसाच्या खऱ्या वजनाने भागायचे. सेवा घेण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा. ‘आमचे आहारतज्ज्ञ सगळे बघतात’ असे उत्तर मिळाले तर ते उत्तर नव्हे.

तेलाचेही तसेच. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, ५ मिलीच्या लहान चमच्यात ४०. बाटलीतून अंदाजे ओतणारा आचारी चाळीस डब्यांच्या पातेल्यात २०० मिली जास्त ओतून जातो आणि त्याच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक डब्यात मात्र ४० कॅलरी वाढतात. दिवसाच्या तीन डब्यांत १२० होतात. तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली तर हा प्रश्न मिटतो. शिवाय तेल तरंगते. पातेले न ढवळता वाढले तर पहिल्या डब्यांत तर्री जाते आणि शेवटच्यांत गाळ. एकाच दिवशी एकाच पदार्थाचे दोन डबे मागवून शेजारी ठेवले तर वाढपातली ही तफावत डोळ्यांना दिसते.

घरी काय तपासता येते? एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा घ्यावा. भरलेला डबा झाकण काढून वजन करावा, खाऊन झाल्यावर रिकामा, पुसून पुन्हा वजन करावा. फरक म्हणजे पोटात गेलेले अन्न. वेगवेगळ्या खणांतले पदार्थ शक्य तर वेगळे काढून मोजावेत. मग ठोकळ आकड्यांशी ताडावे. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी, शिजलेल्या मसुरीला सुमारे ११५, कोंबडीच्या शिजलेल्या, कातडी काढलेल्या छातीच्या मांसाला सुमारे १६५, तेल न घातलेल्या पाणीदार भाज्यांना २० ते ४०. समजा, डब्यात १५० ग्रॅम भात, १२० ग्रॅम मांस आणि १०० ग्रॅम भाजी निघाली. १९५ अधिक १९८ अधिक ३५, म्हणजे तेलाचा थेंबही न धरता ४२८. लेबल ३८० म्हणत असेल तर ते शक्यच नाही. भाजीवर तेलाचा तवंग असेल तर आणखी पन्नास ते शंभर धरा. एखाद्या डब्याच्या चुकीवरून सेवेला नाव ठेवू नये. पण आठवड्यातले निम्मे डबे लेबलवरच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरले तर तिथे मोजून कोणी वाढत नाही, इतके कळते.

हे मोजताना हमखास होणारी एक गफलत म्हणजे कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची. १०० ग्रॅम कच्चे तांदूळ साधारण ३५० कॅलरींचे. ते शिजून अडीच-पावणेतीनशे ग्रॅम होतात, कॅलरी तेवढ्याच राहतात. मांसाचे उलट आहे: १०० ग्रॅम कच्चे शिजून ७०-७५ ग्रॅम होते. ‘१५० ग्रॅम चिकन’ असे मेन्यूत लिहिलेले असताना डब्यात ११० ग्रॅम निघाले तर ती फसवणूक नाही, ते कच्चे वजन आहे. मेन्यूत तसे स्पष्ट लिहायला हवे, एवढी तक्रार मात्र रास्त आहे.

सॉस आणि ड्रेसिंगच्या छोट्या पुड्या वेगळ्या मोजाव्यात. तेलावर किंवा मेयोनीजवर केलेले ३० ग्रॅम ड्रेसिंग सहज १०० ते १५० कॅलरींचे असते. ते डब्याच्या आकड्यात धरले आहे की नाही हे लेबलवर अनेकदा लिहिलेलेच नसते.

कॅलरींइतकेच प्रथिनांकडे पाहावे, किंबहुना जास्त. कमी खाताना प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन उतरवणाऱ्या निरोगी प्रौढाला रोज किलोमागे १.२ ग्रॅम तरी मिळावीत. ६८ किलोला ८२ ग्रॅम. तीन डब्यांत वाटले तर प्रत्येकात २५ ते ३० ग्रॅम हवीत. १२ ग्रॅम प्रथिनांचा आणि ३८० कॅलरींचा डबा दिसायला कितीही सुंदर असला तरी दोन तासांत भूक लागणार. तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ग्रॅमच्या खाली नसावेत, नाहीतर चौथ्या-पाचव्या दिवशी बद्धकोष्ठ होते आणि दोष ‘डाएट’वर जातो. मिठासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सोडियम २ ग्रॅमहून कमी अशी आहे. डब्यामागे ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर तीन डब्यांत २,७०० होते. तेल कमी केल्यावर चव आणण्यासाठी मीठ वाढवणे ही सगळ्यांत सोपी पळवाट आहे, म्हणून तो आकडा न चुकता वाचावा.

डबा येतो कसा, यावर तब्येत अवलंबून आहे. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांहून जास्त राहू नये. कोमट डबा म्हणूनच सर्वांत वाईट. यावा तर वाफाळता गरम यावा, किंवा बर्फाच्या पिशव्यांसह थंडगार यावा. सुईचा थर्मामीटर डब्याच्या मधोमध खुपसून पाहावे, कडेला नाही. थंड डबा लगेच ५ अंशांखालच्या फ्रिजमध्ये ठेवावा. तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. ग्रेव्ही, डाळी, शिजलेले मांस फ्रीझरमध्ये नीट टिकते. काकडी आणि पालेभाज्यांचे सॅलड, उकडलेले अंडे, मेयोनीजचे सॉस टिकत नाहीत. पाणी सुटते, अंड्याचे पांढरे रबरासारखे होते, सॉस फाटून तेल वेगळे होते. गरम करताना सॅलड आणि सॉसच्या पुड्या आधी बाहेर काढाव्यात, अर्ध्यात एकदा ढवळावे, आतपर्यंत ७४ अंश गाठू द्यावे आणि मग मिनिट-दोन मिनिटे तसेच ठेवावे, कारण मायक्रोवेव्हमध्ये काही जागा थंड राहतात. भाताबाबत जास्त जपावे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, आणि भात कोमट पडून राहिला की ते वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. भात एकदाच गरम करावा आणि उरलेला टाकावा.

डब्याबाहेर काय खाल्ले, हा आठवड्याच्या नोंदीतला सगळ्यांत बोलका भाग असतो. दुधासाखरेचा चहा-कॉफी, रसाचा पेला, स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटातले उरलेले. साखरेच्या सपाट लहान चमच्याला सुमारे १६ कॅलरी. फळाच्या रसाच्या २५० मिलीला शंभराच्या वर. मद्याच्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलला ७. पहिले दोन दिवस नेहमीसारखे खाऊन नुसते टिपावे, मग डबे सुरू करावेत. तुलनेला काहीतरी हाती राहते. भूक किती वाजता लागली तेही लिहावे. रोज संध्याकाळी पाचला लागत असेल तर दुपारच्या डब्यात प्रथिने किंवा भाजी कमी आहे, आणि तो डबा बदलून मागता येतो. रात्री अकराला लागत असेल तर एकूण आकडाच कमी आहे.

हा प्रयोग सर्वांसाठी नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी डोस न बदलता जेवण एकदम कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांनी पहिला डबाही मागवू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना जास्त प्रथिनांचे डबे घातक ठरू शकतात. गरोदर आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, खाण्याशी निगडित मानसिक आजारातून गेलेली माणसे यांनी कॅलरी मोजणारी सेवा स्वतःहून घेऊ नये. रोज ८०० कॅलरींच्या खालचा कोणताही प्लॅन केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचा असतो. आणि अ‍ॅलर्जी असेल तर ‘त्या पदार्थाशिवाय’ एवढे पुरेसे नाही. तोच झारा, तेच पातेले, तेच तळणीचे तेल दोन्हीकडे वापरतात का, हे विचारावे.

व्यवहाराचे थोडक्यात: आठवड्याची चाचणी आपोआप महिन्याच्या वर्गणीत बदलते का, डबा रद्द करायची वेळ आदल्या दिवशी किती वाजता संपते, आणि चुकीचा डबा आला तर पैसे मिळतात की पुढचा डबा, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे.

आठवडा संपताना त्यातले आवडलेले दोन डबे निवडावेत आणि काट्यावर मोजून घरी तसेच्या तसे करून पाहावेत: तेवढेच धान्य, तेवढेच मांस किंवा डाळ, चमच्याने मोजलेले तेल. ते आपल्या नेहमीच्या ताट-वाटीत वाढून वाटीत कुठपर्यंत येते ते पाहून ठेवावे. सेवा पुढे चालू ठेवा किंवा न ठेवा, हे माप कामी येते.

संपादक महाशय, आपल्या पुरवणीत असा अनुभव पुन्हा छापताना लेखकाकडून एवढे जरूर मागून घ्यावे: वय, उंची, वजन आणि कामाचे स्वरूप, डब्यांवर छापलेल्या कॅलरी आणि प्रथिने, काट्यावर भरलेले प्रत्यक्ष वजन, डबा हाती आला तेव्हाचे तापमान, डब्याबाहेर खाल्लेल्याची रोजची नोंद. किती किलो उतरले ते छापायचेच असेल तर सेवा थांबवल्यानंतरच्या दहाव्या दिवसाचे वजनही त्याच ओळीत छापावे.

आपला,
एक आहारतज्ज्ञ